उंच वशिंडाचा क्यामशाफ्ट

टाकळीच्या रूपरावाचं नाक भर शंकरपटात कापलं गेलं, आणि ते कापलं सुकळीच्या मनोहररावानं. झालं असं की बैलजोड्यांचा पट आटोपला, लोक धोतरं झटकत उठले, तेवढ्यात कोण्या रिकामटेकड्यानं भोंग्यावरून हाळी दिली, "आता दोन गावचे दोन ट्रक पळवा ना बाप्पा!" मैदानात ट्रक उभे होते दोनच. दोघंही मिलिटरीच्या लिलावातले, दोघंही पेट्रोलवर चालणारे, दोघंही भाजी वाहणारे. मनोहरराव नको नको म्हणत गाडीत बसला आणि ट्रकाच्या नाकाएवढ्या अंतरानं जिंकला. भोंगेवाल्यानं जिंकणाऱ्याचं नाव एकदा घेतलं आणि हारणाऱ्याचं तीनदा. रूपरावानं ते बरोबर मोजलं होतं.

आता यात जिवाला लावून घेण्यासारखं काय होतं, सांगा! टाकळी म्हणजे धाम नदीच्या काठचं भाजीवाल्यांचं गाव. रोज पहाटे वीस-बावीस बाया वांगी, मेथी, मुळे, सांभार म्हणजे कोथिंबीर टोपल्यांत भरून नदीच्या थडीवर जमत. रूपराव त्यांना ट्रकात घेई, नदीचा उभा चढ चढून सडकेला लागे आणि पवनारवरून वर्ध्याच्या बाजारात भाजीचा लिलाव, म्हणजे हर्रास, सुरू व्हायच्या आत पोचवी. हर्रास चुकला की माल कोणी हुंगत नसे, मेथी गाईपुढं टाकून परत यावं लागे. ट्रक येण्याआधी याच बाया डोक्यावर टोपलं घेऊन पायी जात. त्यांत रूपरावाची बायको देवकाबाईही होती. गावात त्याला कोणी रूपरावभाऊ म्हणत असेल, तर ते या एका चढामुळं. पण माणसाला आहे तो मान कधी दिसत नाही.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. जो तो मोकळेपणानं बोलू लागला होता, आणि टाकळीचे लोक सगळ्यात मोकळेपणानं रूपरावाच्या हारण्याबद्दल बोलत होते. पानठेल्यावर तो गेला की कोणीतरी सहज विचारी, "काय रूपराव, मनोहररावाच्या गाडीचं मांगचं फाळकं कोणत्या रंगाचं हाय जी? तुमी जवळून पाह्यलं म्हणे." रूपराव पान न खाताच परत येई.

पुढच्या साली पटाच्या कमिटीनं ट्रकांचा पट रीतसर जाहीर केला. बक्षीस पाणी भरायचा पितळी गुंड. ती बातमी आली त्याच दिवशी रूपराव वर्ध्याला महादेवराव मिस्त्रीकडं जाऊन धडकला. नागपूर सडकेवर टिनाच्या शेडात बसणारा हा मिस्त्री इंजिनाशी गोड बोले आणि मालकाशी तिरसट. दहा वर्षं रूपरावाचा ट्रक त्याच्याच हाताखाली होता.

"मिस्त्री, ट्रक तेज करून पाह्यजे. पटासाठी."

"मंग क्यामशाफ्ट बदला लागीन," मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला.

"तो कोणता?"

"इंजिनच्या पोटात एक लोखंडी दांडा फिरते. त्याच्यावर उंचवटे असते. उंचवटा वर आला का व्हॉल्व उघडते, इंजिन श्वास घेते. उंचवटा बुटका असला तं श्वास लहान, पण हळू चालतानी दम राह्यते. उंचवटा मोठा असला तं भरधाव पळतानी इंजिन बकाबका हवा खाते, पण हळू चालतानी खोकलते." मग त्यानं रूपरावाकडं रोखून पाहिलं. "आता मले सांगा, तुमचा ट्रक सालभर पळते किती आन् वझं वाह्यते किती?"

"मनोहररावाच्या समोर पळाले पाह्यजे," रूपराव म्हणाला.

मिस्त्रीनं एवढंच सांगितलं की नागपुरात जुन्या सामानाच्या बाजारात याच इंजिनाचे क्यामशाफ्ट मिळतात, आपण जाऊन पाहून आणू. रूपराव तयारच होता. पण टाकळीत असली खरेदी एकट्यानं करायची रीत नव्हती. गावात बैल यायचा तर आधी बापूजींचा हात त्याच्या पाठीवरून फिरायला हवा. बापूजी सत्तरीचे. घरी आता एक शेळी तेवढी उरली होती, पण बैलाची पारख म्हणजे बापूजी, हे गावानं ठरवून टाकलं होतं. वशिंडावर एक थाप मारून ते सांगत, हा पटाचा, हा औताचा, हा नुसता खाणारा. रूपरावानं विचार केला, ट्रक काय आणि बैल काय, पळणारं ते पळणारं. त्यानं बापूजींनाही सोबत घेतलं.

नागपूरच्या दुकानदारानं गोणपाटावर तीन क्यामशाफ्ट मांडले. पहिला मूळ इंजिनात असतो तसा, बुटक्या उंचवट्यांचा. दुसरा जरासा चढा. तिसरा कोण्या हौशी साहेबानं मद्रासकडं मोटारींच्या शर्यतीत पळवायला मुद्दाम घासून घेतलेला. त्याचे उंचवटे पाहूनच रूपरावाला घाम फुटला.

बापूजी उकिडवे बसले. उपरण्यानं हात पुसला. मग एका डोळ्यानं पहिल्या दांड्याच्या टोकाकडून पार शेवटापर्यंत पाहिलं, जसं बैलाच्या शेपटीकडून शिंगाकडं पाहतात. अंगठ्यानं एकेक उंचवटा चाचपला.

"वय किती याचं?" त्यांनी विचारलं.

"चाचा, ये लोहा है," दुकानदार म्हणाला.

"लोखंडाले वय नसते का? गंजते तं कशानं मंग?" बापूजींनी दुकानदाराला गप्प केलं आणि तिसऱ्या दांड्यावर तळहाताची थाप मारली. दांडा टणकन वाजला. बापूजींचा चेहरा उजळला. "रूपराव, हा! वशिंड पाह्य कसं हाय. भरलं, ताठ, मांग झुकेल नाई. हा पटाचा."

"बापूजी," मिस्त्री शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाला, "तिकडच्या मोटारी अंगानं हलक्या असते, ट्रक वझ्याचा हाय. तो मधला घ्या. थोडा तेजही होईन आन् भरल्या मालानं नदीचा चढही चढीन. हा उंचवाला धिम्या चालीत मरते."

"मधल्या वशिंडाचा बैल पटात कोणी जुपते काय?"

"बैल नाई जी हा!"

"तुले बैलातलं काय समजते?" बापूजी म्हणाले. मिस्त्रीला खरोखरच बैलातलं काही समजत नव्हतं, त्यामुळं तो मधला दांडा नुसता हातात फिरवत राहिला.

रूपरावानं दोघांकडं पाहिलं. एकीकडं दहा वर्षं त्याचं इंजिन उघडणारा माणूस, दुसरीकडं आख्ख्या गावाचा पारखी. शिवाय मधला घेऊन हारलो तर गाव म्हणणार, बापूजींचं ऐकलं नाही. उंच घेऊन हारलो तर निदान दोष बापूजींचा. असा पुरता हिशेब करून त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं. दुकानदारानं ट्रकातला जुना दांडा बदल्यात मागितला आणि रूपरावानं तोही कबूल करून टाकला. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

"बसवून देतो," तो म्हणाला. "पण भरल्या गाडीचं मले काही इचारजा नोका."

आता हे लोखंड सरळ मिस्त्रीच्या शेडात जायला हवं की नको? पण बापूजी म्हणाले, नवं जनावर दारात आल्याशिवाय कामाला लावत नाहीत. म्हणून क्यामशाफ्ट आधी टाकळीला आला. देवकाबाईला तांब्या-ताट घेऊन दारात उभं केलं. तिनं दांड्यावर पाणी घातलं, बारा उंचवट्यांना हळदी-कुंकू लावलं आणि ओवाळलं. ओवाळता ओवाळता तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "हे खाते काय जी?"

"पेट्रोल," रूपराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महादेवराव मिस्त्री अर्धा तास घासलेटमध्ये बुडवून बुडवून कुंकू धूत बसला आणि टाकळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला.

तीन दिवसांनी ट्रक गावात आला तो आवाज करत आला. पूर्वी उभा असला की तो एका लयीत घुरघुरायचा. आता उभ्या उभ्या दमेकऱ्यासारखा धाप टाकी, एक ठोका गाळी, सगळं अंग हादरवी आणि अॅक्सिलेटरवरचा पाय काढला की बंद पडे. पोट्टे टाळ्या पिटत मागं धावले. बापूजी बॉनेटला कान लावून म्हणाले, "जनावर तापट हाय. पटाचं असंच राह्यते." रूपरावाची छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या पहाटे बाया आपल्या टोपल्यांसह ट्रकात बसल्या आणि ट्रक नदीच्या चढाला लागला. अर्ध्या चढावर तो खोकलला. पुन्हा खोकलला. मग मेला. रूपरावानं पुन्हा चालू केला, तो पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मागं घसरू लागला तशा बाया किंचाळत खाली उतरल्या. त्यांनी पदर खोचले आणि ट्रकाला खांदे लावले. आनंदाबाई म्हणून एक फटकळ म्हातारी होती, ती ढकलता ढकलता ओरडली, "रूपरावभाऊ, आमी ट्रकात बसून बजारात जाऊन राह्यलो का ट्रकाले बजारात नेऊन राह्यलो?"

त्या दिवशी हर्रास चुकला. देवकाबाईनं आपली मेथी बाजाराच्या फाटकातल्या गाईपुढं टाकली आणि येताना सगळ्या रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. रूपरावाला वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल.

"आठ दिवसाचा सवाल हाय," त्यानं संध्याकाळी बायांना जमवून सांगितलं. "पट झाला का मी हा क्याम काढून नागपूरवरून जुना वापस आनतो. गावाच्या इज्जतीसाठी आठ दिवस सोसा." बायांनी सोसलं. कसं, ते ऐका. रोज पहाटे टोपली डोक्यावर घेऊन त्या पायी चढ चढत. रिकामा ट्रक खाली इंजिन तापवी, मग बोंबलत, धूर ओकत एका दमात वर येई. वर आल्यावर बाया त्यात बसत. रूपरावाला ही युक्ती फार आवडली. आपल्याआधी हे कोणाला सुचलं कसं नाही, असं त्यानं पानठेल्यावर दोघातिघांना विचारलंसुद्धा.

पटाच्या दिवशी त्यानं ट्रकाचे फाळके काढले, ताडपत्रीच्या कमानी काढल्या, जादा चाक काढलं. बापूजी आसूड घेऊन शेजारी बसायला निघाले होते, त्यांना मोठ्या मिनतवारीनं खाली ठेवलं. मनोहरराव मात्र सकाळी सुकळीची वांगी बाजारात टाकून तसाच आला होता. त्याच्या ट्रकात अजून चार पानं चिकटलेली होती. बैल पळतात त्या दाणीशेजारी ट्रकांसाठी दुप्पट लांबीची सरळ दाण आखली होती. दोन्ही ट्रक तिच्या तोंडाशी उभे राहिले.

झेंडी पडली. मनोहररावाचा ट्रक निमूट निघाला. रूपरावाचा खोकलला, हादरला, आणि लोक हसायला लागले. अर्धी दाण संपली तरी मनोहरराव तीन ट्रकांच्या लांबीएवढा पुढं होता. रूपरावाच्या डोळ्यांसमोर भोंगेवाल्याचं तोंड आलं. त्यानं दात खाऊन पाय तळाला दाबला आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज फिरला. खोकला गेला. कोणी पाठीत रट्टा घालावा तसा ट्रक उसळला. वारा कानात शिरला, मनोहररावाचा ट्रक जवळ आला, बरोबरीला आला, मागं गेला! रूपराव मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. आयुष्यात त्याला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता. दाण संपली तरी ट्रक थांबेना, तो पुढं कोणाच्या तरी तुरीत घुसला आणि तिथं बंद पडला.

मग काय विचारता! भोंग्यावर नाव सात वेळा. गुलाल, हार, पितळी गुंड. रूपरावाला खांद्यावर घेतलं, आणि बापूजींना त्याच्याहून उंच माणसाच्या खांद्यावर. "वशिंड कोणी पाह्यलं होतं?" असं बापूजी वरून विचारत आणि खालचे लोक ओरडत, "बापूजीनं!" मनोहररावानं जवळ येऊन हात जोडले आणि मनापासून म्हटलं, "लय तेज पळवला जी." मग तो घाईघाईनं निघाला. दुसऱ्या दिवशीचा माल त्याला संध्याकाळीच भरून ठेवायचा होता.

त्या रात्री जेवताना देवकाबाई म्हणाली, "झाला आता पट. उद्याच मिस्त्रीकडं जाजा आन् ते काढून आनजा."

"जातो ना," रूपराव म्हणाला. जाणारही होता. खरंच जाणार होता.

सकाळी बापूजी पाच माणसं घेऊन अंगणात हजर. क्याम काढायची गोष्ट कानावर पडताच त्यांनी कानाला हात लावले. "पट जिंकलेल्या बैलाले औताले जुपतेत काय रूपराव? तुह्या बापानं जुपला होता कधी? त्याले खाऊ घालतेत, मिरवतेत. गिरडच्या बाजूले पट हाय, पुलगावकडूनही निरोप आला. आइतवारी ग्रामपंचायतीसमोर तुहा सत्कार ठेवला आमी. तवर या ट्रकावर एक काडीही टाकायची नाई. गावाची आन हाय."

बाकीच्या पाचांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकाच्याही घरची टोपली बाजारात जात नव्हती, हे रूपरावाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या ध्यानात आलं ते एवढंच, की वर्षापूर्वी हेच लोक फाळक्याचा रंग विचारत होते. त्यानं ट्रक लिंबाच्या सावलीत उभा केला. लोक येत, बॉनेटवर हात फिरवत, चाकाला गुलाल लावत. रूपराव खाटेवर बसून त्यांना ती अर्धी दाण पुन्हा पुन्हा सांगे. देवकाबाई मळ्यातून ये-जा करताना त्या गर्दीला वळसा घालून जाई. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "उद्या माल कसा न्यायचा?" तो म्हणाला, "दोन-चार दिवस थांबा ना." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणजे मिटलं, असं त्यानं धरून घेतलं.

तिसऱ्या पहाटे त्याला थडीवर हॉर्न ऐकू आला. ट्रक तर लिंबाखाली उभा होता. मग हॉर्न कोणाचा? तो उघड्या अंगानं धावत सुटला.

थडीवर मनोहररावाचा ट्रक उभा होता. आनंदाबाईनं सुकळीला निरोप धाडला होता. टाकळीच्या सगळ्या बाया रांगेनं टोपल्या चढवत होत्या, कोणी आवाज करत नव्हतं, जणू दहा वर्षं असंच चाललं होतं.

"मनोहरराव!" रूपराव ओरडला. "माह्या गावात गाडी आनली तुमी? हारल्याचा असा डाव काढता काय?"

मनोहरराव खाली उतरला. तो बिचारा खरोखरच ओशाळला होता. "डाव कायचा जी. तुमची गाडी जितलेली हाय, तिच्यावर वझं कसं टाकाव? माही हारेल हाय. ती मोकळी हाय वझ्याले."

टोमणा असता तर रूपराव अंगावर गेला असता. पण त्या माणसाच्या तोंडावर टोमण्याचा लवलेश नव्हता. रूपरावाचे हात खाली आले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो जवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "खरं सांगजा. चढावर दम खात नाई तुमची. क्याम कोणता बसवला हाय?"

"क्याम?" मनोहरराव गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली आणि त्यानं वाकून इंजिनाकडं पाहिलं. "ते काय असते जी? काऊन, काही आवाज येऊन राह्यला काय?"

तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, "जरा हात लावा जी."

देवकाबाई होती. मेथीचं ओलं टोपलं तिच्या पुढ्यात होतं. हात लावा म्हटलं की हात लावायचा, एवढं टाकळीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यानं वाकून टोपल्याची दुसरी कड धरली आणि दोघांनी मिळून ते मनोहररावाच्या ट्रकात चढवलं. मग ती स्वतः चढली. त्यानं तिला वर चढताना आधारही दिला.

"देवके," तो म्हणाला. "मी आजच मिस्त्रीकडं जातो."

"आज नोका जाऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आज मंडप टाकाले येनार हायेत तुमच्या सत्काराचा. त्याइले च्या कोन देईन? मले याले दुपार होईन. चूल पेटवून ठेवली हाय."

मनोहररावाचा ट्रक पहिल्या गिअरात निघाला आणि बावीस बाया आणि त्यांची भाजी घेऊन, न खोकलता, चढ चढून गेला. रूपराव घरी आला. दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन अंगणात उभीच होती. त्यांनी त्याला रामराम केला आणि विचारलं, मंडपाचं तोंड कोणीकडं करायचं. रूपराव आत गेला आणि चुलीवर त्यांच्या चहाचं आधण ठेवलं.